लुकानिया क्लबची हजेरी

रविवार, ९ मार्च

जर्मनीत रविवारी खारीक कुटायला बंदी आहे, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मंगळवारी उर्जाला मुलगी झाली. तिच्यासाठी लाडू करायचे म्हणून मी फेब्रुवारीतच सांगलीहून खारीक, डिंक, अळीव आणि लोखंडी खलबत्ता घेऊन आले. विमानतळावरच्या माणसाने तो खलबत्ता तीन वेळा उलटासुलटा करून पाहिला होता. आज सकाळी कुटायला बसले, दहा मिनिटंही झाली नसतील, तोच जावई दारात. "आई, खालच्या फ्राऊ श्टालची तक्रार आलीय. रविवारी इथे रूहत्साइट असते. आवाज चालत नाही. ड्रिल नाही, वॉशिंग मशीन नाही, काहीच नाही."

मी म्हटलं, "गौरांगराव, बाळंतिणीला रविवारी भूक लागत नाही का?" ते नुसते हसले. आतून उर्जाचा आवाज आला, "आई, प्लीज!"

मग मी शाल पांघरली, खलबत्ता पिशवीत घातला आणि खाली उतरले. रस्त्याच्या पलीकडे फुटबॉलचं मैदान आहे. तिथे बावीस नव्हे, पण बरेच पुरुष बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि एक जण शिट्टी वाजवत होता. शांततेची वेळ त्यांना लागू नव्हती, तर मला का असावी? कडेच्या बाकावर बसून मी पाऊण किलो खारीक कुटली. कोणी हरकत घेतली नाही. निळा मफलर गुंडाळलेल्या एका म्हाताऱ्याने तर मला बोटभर कपात कडूजहर कॉफी आणून दिली.

मध्येच एक खेळाडू चालू खेळ सोडून माझ्याकडे पळत आला. "काकू, तुम्ही मराठी ना? खलबत्त्यावरून ओळखलं." हा मयुरेश. पलीकडे मॅनहाइमला पीएचडी करतो. तो बोलत होता तेवढ्यात त्यांच्यावर गोल झाला. एकूण सहा झाले.

सोमवार, १० मार्च

जिन्यात फ्राऊ श्टाल भेटल्या. ऐंशीच्या असतील, दोन्ही कानांत यंत्रं. तक्रार करणारी बाई म्हणून मी मान वळवणार होते, पण त्यांनीच माझे दोन्ही हात धरले, बाळासाठी विणलेले मोजे दिले आणि काहीतरी बराच वेळ बोलल्या. बरोबर असलेल्या गौरांगरावांना विचारलं, काय म्हणाल्या? "काही नाही, हवामान." पाठीमागे तक्रार आणि तोंडावर मोजे, असे लोक मी वसतिगृहात पुष्कळ पाहिलेत. एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, मला कोणी फसवू शकत नाही.

उर्जा लाडू खात नाही. तुपाचा वास नको म्हणते. बाळाला रोज अंघोळ घालायची नाही, असं तिच्या हेबामेने, म्हणजे इथल्या सुइणीने सांगितलंय. आठवड्यातून दोनदा पुरे म्हणे. ओव्याची धुरी द्यायला गेले तर छताला लावलेलं धूर ओळखणारं यंत्र कोकलायला लागलं. गौरांगराव दोन महिने रजेवर आहेत, लंगोट तेच बदलतात, ढेकर तेच काढतात. मी इथे नेमकी कशासाठी आले, ते कोणीतरी मला सांगावं.

रविवार, १६ मार्च

आज पुन्हा मैदानावर गेले. गौरांगरावांनी स्वतःहून पिशवी भरून दिली, खलबत्ताही विसरले नाहीत. गुणी माणूस.

कॉफीवाल्या म्हाताऱ्याचं नाव रोक्को. वय चौऱ्याहत्तर. क्लबचा अध्यक्ष, प्रशिक्षक आणि पांढऱ्या रेषा मारणारा, सगळं तोच. मयुरेशने मला त्याची सगळी हकीकत मराठीत करून सांगितली. क्लबचं नाव एस. सी. लुकानिया. साठेक वर्षांपूर्वी दक्षिण इटलीतल्या लुकानिया भागातून इथल्या कारखान्यांत कामाला आलेल्या पोरांनी काढला. खोलीत सहा-सहा जण राहायचे, रविवारी दुसरं करायला काही नव्हतं. त्र्याऐंशी साली ते फुटबॉल स्पर्धेत पाच वर्ग वर चढले होते. कोलोनहून बसगाड्या भरून इटालियन माणसं सामना बघायला यायची, मैदानाबाहेर झाडांवर चढून बसायची. मग मुलांनी गावाबाहेर घरं बांधली, नातवंडं जर्मन क्लबांत गेली आणि लुकानिया एकेक पायरी उतरत सगळ्यात खालच्या वर्गात येऊन थांबला. त्याच्या खाली वर्गच नाही.

आणि आता खरं संकट निराळंच आहे. संघात निदान सात माणसं असल्याशिवाय सामना सुरू होत नाही. सात नसले की 'आलेच नाहीत' अशी नोंद होते. या हंगामात ती दोनदा झालीये. तिसऱ्यांदा झाली की स्पर्धेतून नाव कापतात. मग मैदान शेजारच्या क्लबला जाईल, हे नगरपालिकेने रोक्कोला आधीच कळवून ठेवलंय. तो हे सांगताना मफलरच्या टोकाने डोळे पुसत होता.

आज अकराच्या ठोक्याला सहा जण होते. सातवा पाच मिनिटं उशिरा आला, क्रोसाँ खात. रेफरी भला म्हणून थांबला.

मी मयुरेशला म्हटलं, "या लोकांची हजेरी कोण घेतं?" तो म्हणाला, "हजेरी? काकू, हा क्लब आहे." मी म्हटलं, "म्हणूनच ही दशा आहे."

बुधवार, १९ मार्च

सरावाला गेले. याच वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले, चौदा नावं लिहिली. प्रत्येकाने समोर येऊन सही करायची. उशिरा येईल त्याने खलबत्त्यात खारीक कुटायची, जितकी मिनिटं उशीर तितकी मिनिटं. मयुरेशने हे सांगितल्यावर सगळे हसले. गोलकीपर दोनातो सगळ्यात मोठ्याने हसला, बावन्न वर्षांचा घोडा. तोच बारा मिनिटं उशिरा आला होता. मी बत्ता त्याच्या हातात दिला आणि नुसती बघत राहिले. एकतीस वर्षांत त्या नजरेपुढे कोणी टिकलेलं नाही. बारा मिनिटं कुटली त्याने.

उर्जा न्हाणीघरात फार वेळ असते. नळ सोडून ठेवते, अर्धा-अर्धा तास. इथे पाणी महाग आहे म्हणतात. एकदा बोलायला हवं.

रविवार, २३ मार्च

जिंकलो! दोन-एक!

अकरा वाजता दहा माणसं हजर. मध्यंतराला प्रत्येकी एक डिंक-अळिवाचा लाडू दिला. उर्जा खात नाही तर काय टाकून देऊ? मयुरेशने "ताकदीचा लाडू" असं सांगून वाटले. उत्तरार्धात ही माणसं जी पळाली! रोक्को म्हणाला, आम्ही गेल्या वर्षीच्या ऑगस्टनंतर जिंकलो नव्हतो. त्याने माझ्या दोन्ही गालांची चुंबनं घेतली. यांना फोनवर सांगितलं नाही. सांगलीत ते उगाच खाणावळीतलं जेवण सोडून काळजी करत बसतील.

घरी आले तर उर्जा म्हणाली, "बरं वाटलं ना तुला? जात जा रोज." मायेची आहे पोर.

गुरुवार, २७ मार्च

डबा उघडून पाहिला. साठ होते. संघाला दहा दिले, म्हणजे पन्नास हवेत. बेचाळीस आहेत. घरात लाडू चोरून खाणारं माणूस एकच असू शकतं. बाळाला पाजायच्या उशीवर चुरा सांडलेला होता. त्या उशीवर बसून खातात वाटतं. जावयाला कसं बोलायचं? म्हणून मी नुसता डबा वरच्या फडताळातून खालच्या फडताळात ठेवला, म्हणजे निदान खुर्चीवर चढून पडायला नकोत.

रविवार, ६ एप्रिल

पुन्हा जिंकलो, तीन-दोन. मागच्या रविवारी बरोबरी होती.

समोरच्या संघाने तक्रार केली. म्हणे, बाजूला बसलेली साडीतली बाई कसल्याशा लोखंडी वस्तूवर ठोके मारते आणि त्यामुळे आमची लय जाते. रेफरी माझ्याकडे आला, खलबत्त्यात डोकावला, बोट घालून चव घेतली. नंतर मयुरेशला काहीतरी म्हणाला आणि गेला. मी विचारलं काय म्हणाला. "नियमपुस्तकात खारकेबद्दल काही नाही म्हणाला."

आता खरं लिहायचं तर मी मुद्दामच कुटते. आपले लोक चेंडू घेऊन निघाले की जोरात, समोरचे निघाले की भलत्याच वेळी एक ठोका. यात लबाडी आहे का? असेल थोडी.

गावातल्या फुकट वाटतात त्या वर्तमानपत्रात आमच्याबद्दल चार ओळी आल्या. उर्जाने वाचून दाखवल्या. वाचताना ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. डोळ्यांखाली काळं झालंय तिच्या. मी म्हटलं, बाळ झोपलं की झोपत जा, मान अशी धरू नकोस, पाजताना पाठ ताठ ठेव. तिने वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत गेली. परत नळ.

रविवार, १३ एप्रिल

भांडं फुटलं. दोनातोची बायको दवाखान्यात नर्स आहे. तिच्याबरोबर एक केरळची मुलगी काम करते. तिने अळिवाचा लाडू पाहिला आणि हे कशासाठी खातात ते सांगितलं.

मध्यंतराला मी डबा उघडला तर एकही हात पुढे येईना. दोनातो छातीवर हात ठेवून उभा होता. मयुरेश माझ्याकडे बघेना. शेवटी रोक्कोने विचारलं, "सिन्योरा, यामुळे दूध येतं हे खरं?"

मी म्हटलं, "पुरुषांना नाही येत." मयुरेशने भाषांतर केलं. "पाठ मजबूत होते, हाडं भरतात." डबा तसाच भरलेला. मग माझा संयम सुटला. "तुम्ही तीन सामने हरला नाहीत. दूध आलंय का कोणाला? ज्याला आलं असेल त्याने हात वर करावा."

कोणी हात वर केला नाही. दोनातोने सगळ्यांत आधी लाडू उचलला, पण खाण्यापूर्वी स्वतःवर क्रूस काढला. चार-एकने जिंकलो.

मंगळवार, १५ एप्रिल

मी एक गोष्ट केली आहे. ती इथेच लिहिते, बाहेर बोलणार नाही.

बाळाचे, म्हणजे अन्वीचे, कागद आलेत. जन्मनोंदणी, विमा, किंडरगेल्ड म्हणजे मुलाचा भत्ता, एल्टर्नगेल्ड म्हणजे आईबापांचा, पासपोर्ट. जेवणाच्या टेबलावर वीतभर गठ्ठा. गौरांगराव सही करून करून इतके कंटाळलेत की वाचतही नाहीत. "आल्झो, चला, पुढचा," म्हणतात आणि सही करतात. मी पानं पुढे सरकवते, तेवढं एक काम मला दिलंय.

क्लबमध्ये माणसं कमी आहेत. रोक्कोने एक फॉर्म भरून दिला होता, नवीन खेळाडूच्या नोंदणीचा. तो मी किंडरगेल्डच्या खाली ठेवला. पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोंतला एक उरला होताच. जावयाच्या पोटाकडे पाहता हे त्यांच्याच भल्याचं आहे. शिवाय वेळ येणारच नाही.

रविवार, २७ एप्रिल

हरलो. आठ माणसं. दोघांची कारखान्यातली पाळी बदलली, एकाचा घोटा मुरगळला, दोघे ईस्टरला इटलीला गेले ते तिकडेच रमलेत. मयुरेशच्या गाइडने त्याला महिनाभर बाहेर पडू नकोस म्हणून सांगितलंय, तरी तो आला. लाडूही संपत आलेत. डब्यातले रोज दोन-तीन जातातच.

रविवार, ४ मे

पुन्हा हरलो. बरोबर सात होते. एकाच्या पायात गोळा आला तर रोक्को त्याला ओरडून सांगत होता, "बसू नकोस, उभा राहा, नुसता उभा राहा!" आता एकच सामना राहिला, पुढच्या रविवारी. तो उभ्याने पार पडला की हंगाम संपला आणि नाव वाचलं. मी वीस तारखेला परत जाणार. मला झोप लागत नाही, आणि ती फुटबॉलमुळे लागत नाही ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

शनिवार, १० मे

सर्वनाश. उद्या इथे मातृदिन आहे.

मला वाटलं, त्यात काय, एक फूल दिलं की झालं. मयुरेश म्हणाला, "काकू, हे इटालियन आहेत. उद्या दुपारी प्रत्येक जण मम्माकडे जेवायला. सकाळी अकरापासून स्वयंपाकघरात हजर राहावं लागतं. हजेरी तुमच्यापेक्षा कडक असते." दुपारपासून त्याच्या फोनवर एकेकाचे निरोप येत होते. सगळ्यांचं एकच कारण. उरले कोण? ज्यांची आई इटलीत आहे ते दोघे भाऊ, ज्याचं आईशी पटत नाही तो एक, ज्याची सासू आणि आई दोघी बोलावतात म्हणून जो कुठेच जात नाही तो एक, दोनातो आणि मयुरेश. सहा.

रोक्को क्लबच्या खोलीत त्र्याऐंशी सालच्या संघाच्या फोटोखाली बसला होता. त्यातले निम्मे वारलेत. तो मला म्हणाला, "आम्ही इथे आलो तेव्हा आम्हाला कोणी घरी बोलवत नव्हतं. हे मैदान हेच घर होतं." मला त्या म्हाताऱ्याबद्दल फार वाईट वाटलं.

रविवार, ११ मे

दहा वाजता मी बूट घालून, वही काखेत घेऊन दाराशी उभी होते. गौरांगरावांना वाटेत कसं सांगायचं त्याचे शब्द जुळवत होते.

आतून उर्जा आली. केस विंचरलेले नाहीत, अन्वी खांद्यावर. म्हणाली, "आई, आज नको ना जाऊस."

मी म्हटलं, "अगं, आजच तर—"

"माहितीये. तरी नको जाऊस. माझ्याजवळ थांब."

अडीच महिने मी या एका वाक्यासाठी या घरात वावरत होते, आणि ते नेमकं आज यावं. मयुरेशचा फोन आला. "काकू, सहाच. रेफरी आलाय." रोक्को मागे कोणाशी तरी भांडत होता. मी फोन खाली ठेवला आणि बूट काढले. मग वळून म्हटलं, "गौरांगराव, तुम्ही एस. सी. लुकानियाचे खेळाडू आहात."

"मी?"

"पंधरा एप्रिलला सही केलीत. किंडरगेल्डच्या खाली."

"आई, मी शाळेत फक्त कॅरम खेळलोय!"

"नुसतं उभं राहायचंय. नव्वद मिनिटं. खाली बसायचं नाही, एवढा एकच नियम."

त्यांनी उर्जाकडे पाहिलं. उर्जा म्हणाली, "जा ना, गौरांग. प्लीज. आई आहे." वही मी त्यांच्या हातात दिली आणि हजेरी घ्यायला विसरू नका म्हणून बजावलं. जिन्यावरून पळत गेले बिचारे.

मग आम्ही दोघी पलंगावर बसलो. मैदानावरून शिट्टी ऐकू आली. उर्जा रडायला लागली, आज नळ न सोडता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते पाणी कशासाठी वाहत होतं. एकतीस वर्षं मी दारांबाहेर उभी राहून मुलींचं रडणं ओळखलं आणि स्वतःच्या मुलीच्या दाराशी उभी राहून पाणीपट्टीचा विचार करत होते.

"मला जमत नाहीये, आई. सगळे विचारतात, बाळ कसं आहे. ती रडली की मला पळून जावंसं वाटतं. तू आलीस की वाटतं, आता तू माझ्या चुका काढणार."

माझ्या जिभेवर एकदम सात-आठ सल्ले आले. मी ते गिळले. मग जे यांनाही कधी सांगितलं नाही ते सांगितलं. "तू झालीस ना, तेव्हा पहिले तीन आठवडे मला रोज वाटायचं, कोणीतरी यावं आणि हिला घेऊन जावं."

उर्जा रडायची थांबली. "मला?"

"तुलाच. भाजीवालीला देऊन टाकावं असंही एकदा मनात आलं होतं. चांगली बाई होती."

ती बघत राहिली, आणि मग हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती. मी अन्वीला घेतलं. म्हटलं, उद्या हेबामेला हे सगळं सांगू, मी बरोबर बसेन आणि तोंड उघडणार नाही. उर्जा म्हणाली, "तोंड न उघडता? तू?" आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या बाहीला लाडवाचा चुरा चिकटलेला होता; जावयावर मी उगाच आळ घेतला होता. मी जाग्यावरून हलले नाही. बाहेर आरडाओरडा होत होता, खिडकी दोन हातांवर होती, आणि मी हलले नाही.

साडेबाराच्या पुढे गौरांगराव आले. गुडघ्यापर्यंत चिखल, कोणाचे तरी दोन मापं मोठे बूट, एका कानाच्या मागे गवत.

"किती झाले?" मी हळू आवाजात विचारलं.

"अकरा-शून्य. त्यातला एक मी मारला. आपल्याच गोलमध्ये."

"ते नाही विचारलं. माणसं किती?"

"सात." ते भिंतीला टेकून खाली बसले. "शेवटपर्यंत सात. माझ्या पोटरीत गोळा आला तेव्हा दोनातोने मला गोलच्या खांबाला टेकवून उभं केलं. आई, शेवटची शिट्टी झाल्यावर तो म्हातारा मैदानावर गुडघे टेकून बसला. अकरा गोल खाऊन सगळे नाचत होते. समोरच्या संघाला काही कळेना."

एवढ्यात खालून हाका सुरू झाल्या. "काकूऽ! काकूऽ!" सगळे रस्त्यावर उभे राहून रविवारची शांतता मोडत होते, आणि फ्राऊ श्टालच्या कानापर्यंत काहीच जात नव्हतं; मग माझा खलबत्ता त्यांनी कसा ऐकला असेल? मी उठणार तर उर्जाने माझा हात दाबून मला बसवलं. स्वतः उठली, अन्वीला खांद्यावर घेतलं आणि बाल्कनीत गेली. बाळाला बाहेरची हवा दाखवायची ही तिची पहिलीच वेळ असेल, निदान हसत हसत. वाकून जर्मनमध्ये काहीतरी बोलली. खालचे टाळ्या वाजवायला लागले.

"काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, आज आई मला हवी आहे. तुम्हाला पुढच्या हंगामात मिळेल."

मी उगीचच दुपट्यांची घडी मोडली आणि परत घालायला घेतली.